तुकड्यातुकड्यांची परिक्रमा : अमृतलाल वेगड आणि पायी पाहिलेली नदी

नर्मदा परिक्रमेवरचे एकही पुस्तक घरात नाही असा मराठी वाचक आता शोधावा लागेल. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत आणि त्यानंतर आलेल्या कितीतरी अनुभवकथनांपर्यंत ही वाट मराठीत चांगलीच मळलेली आहे. वास्तविक नर्मदेचा महाराष्ट्राशी संबंध तसा निसटता. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांच्या उत्तर कडेला चाटून ती गुजरातेत जाते, एवढाच. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीचा फार मोठा भाग मध्य प्रदेशात आहे. तरीही गोदावरी, कृष्णा, भीमा या आपल्या अंगणातल्या नद्यांच्या काठाने चालून मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याहून किती तरी अधिक नर्मदेबद्दल लिहिले गेले आहे.

यातली बरीच पुस्तके मी गेल्या काही वर्षांत ओळीने वाचली. वाचताना पेन्सिलीने दोन प्रकारच्या खुणा करत गेलो. चालणाऱ्याच्या मनात काय झाले, त्याला कोण भेटले, कोणी जेवू घातले, कोणता अद्भुत प्रसंग घडला, तिथे एक खूण. नदी कशी होती, तिचा काठ कसा होता, पाणी, दगड, वाळू, पिके, नावा, तिथे दुसरी. पहिल्या खुणांनी समास भरून गेले. दुसऱ्या खुणेसाठी पानामागून पाने उलटावी लागली. नदीच्या काठाने महिनोन् महिने चालूनही नदी पुस्तकात का येत नाही, हा प्रश्न तिथून निघाला. त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा ज्या माणसाकडे गेलो ते मराठी नव्हते आणि रूढ अर्थाने व्रतस्थ परिक्रमावासीही नव्हते. ते होते जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड.

३ ऑक्टोबर १९२८ रोजी जबलपुरात जन्मलेले वेगड ६ जुलै २०१८ रोजी तिथेच वारले. घराणे मूळचे कच्छचे, घरातली भाषा गुजराती, गावाची भाषा हिंदी. १९४८ ते १९५३ या काळात ते शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली चित्रकला शिकले आणि मग जबलपूरला परतून कलाशिक्षक झाले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते आपल्या गावच्या नदीच्या काठाने चालू लागले. त्या चालण्यातून असंख्य रेखाटने निघाली, कागदाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे निघाली आणि ‘सौंदर्य की नदी नर्मदा’, ‘अमृतस्य नर्मदा’, ‘तीरे-तीरे नर्मदा’ ही पुस्तके निघाली. हिंदीप्रमाणेच त्यांनी गुजरातीतही लिहिले. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वेगडांवर लिहिताना त्यांना ‘नर्मदेचा भक्त’ ठरवून हात जोडण्याची पद्धत पडली आहे. तिने त्यांचा गौरव होतो, पण त्यांचे काम कळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : वेगडांनी परिक्रमेतले व्रत बाजूला ठेवून तिच्यातली शिस्त उचलली. सलग चालण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी चालणे आणि रंग घोटण्याऐवजी कागदाचे तुकडे जोडणे, या त्यांच्या दोन्ही कृती एकाच रीतीच्या आहेत. आणि ज्या काठावरून ते चालले त्यातला बराच भाग आज पाण्याखाली असल्यामुळे ही रीत केवळ चित्रकलेच्या चर्चेचा विषय राहिलेली नाही.

परिक्रमेचा हिशेब

परिक्रमेचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. तिचे पात्र ओलांडायचे नाही, ओलांडायचे ते फक्त समुद्राच्या तोंडाशी, नावेने. चातुर्मासात एका जागी थांबायचे. आणि सगळे मिळून तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांत पुरे करायचे.

या शेवटच्या नियमाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस म्हणजे सुमारे १,२०० दिवस. नदीच्या दोन्ही काठांची लांबी साधारण २,६०० किलोमीटर. तीन चातुर्मासांचे मिळून वर्षभराचे थांबणे वजा केले तर उरलेल्या दिवसांत रोजचे चालणे पडते जेमतेम तीन किलोमीटर. धडधाकट माणूस हे अंतर तासाभरात कापतो. मग उरलेल्या दिवसात काय करायचे? परंपरेला त्याचे उत्तर नक्कीच ठाऊक होते. स्नान, जप, भिक्षा, मुक्काम, गावकऱ्यांशी बोलणे. एकूण नदीकाठी राहणे. म्हणजे परिक्रमेच्या मुळाशी अंतर कापण्याची कल्पनाच नाही. चालणे हे नदीजवळ राहण्याचे निमित्त आहे.

आज पायी परिक्रमा चार-सहा महिन्यांत उरकते, बसने तर दोन-तीन आठवड्यांत. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर तोडणारा माणूस पुढच्या मुक्कामाकडे पाहत चालतो. पायाला आलेले फोड, पाठीवरचे ओझे, रात्रीच्या निवाऱ्याची काळजी यांतून नदीकडे बघायला उसंत कुठली? आपल्या परिक्रमा-पुस्तकांत नदी कमी आणि अन्नछत्रे जास्त का, याचे एक उत्तर इथे आहे. ते श्रद्धेत शोधण्यापेक्षा वेगात शोधावे.

वेगडांची परिक्रमा ही ‘खंड परिक्रमा’. सवड मिळेल तेव्हा निघायचे, काही दिवस चालायचे, घरी परतायचे आणि पुढच्या वेळी जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करायचे. अशी वर्षानुवर्षे. पुढे पंचाहत्तरीच्या सुमाराला पत्नी कांता यांना बरोबर घेऊन ते पुन्हा चालले. कर्मठांच्या दृष्टीने ही दुय्यम परिक्रमा. पण वरचा हिशेब खरा धरला, तर चार महिन्यांच्या अखंड धावेपेक्षा वेगडांची वर्षानुवर्षांची खंडित चाल परंपरेच्या मूळ गतीला अधिक जवळची ठरते.

शिवाय एक गोष्ट विसरता येत नाही. सलग चालणाऱ्याला नदी एकदाच भेटते. वेगड दर वेळी घरी येत. घर नदीच्याच गावी. चाललेला टप्पा मनात मुरत असताना पुढच्या टप्प्याची ओढ तयार होई. पाहणे आणि पाहिलेल्याचे चित्र होणे यांच्यामध्ये जो काळ लागतो, तो त्यांना या परतीने दिला.

पायी चालणाऱ्याची रेघ

शांतिनिकेतनातल्या कलाभवनात नंदलाल बसूंनी जी शिकवण रुजवली तिच्यात निसर्गासमोर बसून रोज रेखाटने करण्याला मोठे स्थान होते. झाड, बैल, चालणारी बाई, पाणी भरणारा माणूस हे विद्यार्थ्याचे पहिले धडे. नंदलालांचे स्वतःचे सर्वांत लोकाभिमुख काम म्हणजे १९३८ साली हरिपुरा काँग्रेससाठी केलेली चित्रे. तापीकाठच्या त्या गावात, गांधीजींच्या सांगण्यावरून, त्यांनी कामकरी, वादक, कारागीर, शेतकरी यांना ठसठशीत रेषेत आणि मोजक्या सपाट रंगांत उभे केले. लांबून, गर्दीतून, चालता चालता दिसावीत अशी ती चित्रे होती.

वेगडांची परिक्रमेतली रेखाटने पाहताना हरिपुऱ्याची आठवण होते. त्यांतही माणसे काम करताना किंवा चालताना दिसतात. घाटावर धुणे धुणाऱ्या बाया, डोक्यावर गाठोडे घेतलेले परिक्रमावासी, नावाडी, चुलीशी बसलेली म्हातारी. चेहऱ्यांचे तपशील थोडे, शरीराची ठेवण पक्की. पायी चालणाऱ्याला अशीच रेघ काढता येते. पाठीवर बोजा असताना रंगपेटी, फलक, घोडी असा संसार नेता येत नाही. समोरची बाई हंडा भरून निघून जाण्याआधी तिची पाठ कागदावर यायला हवी. चालण्याने त्यांच्या रेषेवर एक बंधन घातले आणि त्या बंधनातून तिला गती मिळाली.

नदी उजवीकडे ठेवण्याच्या नियमाचाही चित्रकाराच्या नजरेवर परिणाम होतो. दक्षिण काठाने समुद्राकडे जाताना समोर दिसतो तो उत्तर काठ. उत्तर काठाने उगमाकडे परतताना दिसतो दक्षिण काठ. प्रत्येक घाट एकदा लांबून, पाण्यापलीकडून दिसतो आणि एकदा पायाखालून जातो. एकच नदी दोनदा, दोन बाजूंनी, उलट दिशांनी. चित्रकाराला याहून चांगला पाठ कोणता हवा? वेगडांचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला हा उत्तर काठावरचा, म्हणजे प्रवाहाच्या उलट चालायचा. उगमाकडून समुद्राकडे जाणारी सुरळीत ‘जीवनकथा’ त्यांच्या वाट्याला सुरुवातीला आलीच नाही. नदी त्यांना मधूनच भेटली आणि तिला त्यांनी मधूनच वाचायला घेतले. आपल्या गावची नदी आपल्याला भेटते ती अशीच मधून.

उपनद्यांचेही असेच. नर्मदेच्या प्रमुख उपनद्या ४१ सांगतात. पुस्तकात वाचणाऱ्याला हा आकडा, रेल्वेने जाणाऱ्याला हे पुलांचे खडखडाट. पायी जाणाऱ्याला मात्र आपल्या काठाची प्रत्येक उपनदी अडवते. तिच्यातून उतार शोधावा लागतो, नाव बघावी लागते, नाहीतर आत वळसा घालावा लागतो. म्हणून त्याला त्या नावानिशी आठवतात : शेर, शक्कर, दूधी, तवा, हिरन, बंजर. ‘शक्कर’ आणि ‘दूधी’ ही नावे कोणी ठेवली असतील याचा विचार काठावर अडून बसलेला माणूसच करील. नदी ही एक रेघ नसून पाण्याचे झाड आहे, हे नकाशावरून समजते. पायांना ते अडथळ्यांतून समजते.

याच संदर्भात काका कालेलकरांची आठवण अपरिहार्य आहे. साताऱ्यात जन्मलेला हा मराठीभाषक लेखक गुजरातीत नद्यांवर लिहून गुजराती गद्याचा मानदंड झाला. ‘लोकमाता’ आणि पुढे ‘जीवनलीला’ या पुस्तकांनी भारतीय नद्यांकडे पाहण्याची एक उदात्त रीत घालून दिली. कालेलकरांची रीत दर्शनाची. नदीच्या समोर उभे राहायचे आणि तिच्या निमित्ताने इतिहास, पुराण, संस्कृती यांचे स्मरण जागवायचे. त्यांचा आवाका देशाचा होता, अनेक नद्यांचा. वेगडांचा एकाच नदीचा. कालेलकरांची नदी आपल्याला मान वर करून बघायला लावते, तर वेगडांची नदी खाली, पावलांकडे. दोन्हींची गरज आहे. पण दर्शनाच्या रीतीचे अनुकरण सोपे आणि म्हणून धोक्याचे : नदी न पाहताही तसे लिहिता येते. चालण्याच्या रीतीची नक्कल करायची तर निदान चालावे लागते.

कात्री, कागद आणि काठ

वेगडांची ओळख मुख्यतः ज्या माध्यमाने झाली ते कोलाज. रंगीत छापील कागद कापायचा आणि चिकटवायचा. साडीचा पदर, घाटाची पायरी, पाण्याची लाट, सगळे कागदाच्या कपट्यांतून. पायी चालताना काढलेल्या रेखाटनांना रंग मिळाला तो घरी बसून, अशा तऱ्हेने.

कोलाजची परंपरा जागतिक आहे आणि शांतिनिकेतनातही तिचे धागे आहेत. बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी गेल्यानंतर कागद कापून केलेली चित्रे प्रसिद्धच आहेत. तिथे बोटांच्या स्पर्शाने आकार ठरत होता. वेगडांच्या बाबतीत मला वाटते, आकार पायांनी आधीच ठरवलेला होता. कात्रीला रेंगाळता येत नाही. कडा एकदा कापली की कापली. जो आकार मनात पक्का आहे तोच नेमका कापला जातो. चालताना शेकडो वेळा पाहिलेली, पेनाने पटकन उतरवलेली ओणवी बाई हातात इतकी पक्की बसलेली असते की तिच्यासाठी कागद कापताना पुन्हा शोधाशोध लागत नाही.

दुसरे असे की छापील कागद हा आधीच कुणाचा तरी असतो. कुठल्या तरी मासिकातल्या जाहिरातीचा निळा रंग नदीचे पाणी होतो, कुठल्या तरी छायाचित्राचा तपकिरी तुकडा कड्याचा खडक होतो. चित्रकार इथे रंग निर्माण करत नाही, सापडलेला रंग योग्य जागी ठेवतो. परिक्रमावासीही वाट निर्माण करत नाही. ती आधीच कित्येकांच्या पावलांनी पडलेली असते, आणि तिच्यावरून तो आपल्या मुक्कामापुरते पुढे सरकतो. १९६७ साली इंग्लंडच्या रिचर्ड लाँग या तरुण कलावंताने एका माळावर पुन्हा पुन्हा येरझारा घालून गवतात एक सरळ रेघ उमटवली, तिचे छायाचित्र काढले आणि चालणे हीच कलाकृती असे मांडले. त्या छायाचित्रात माणूस नाही. रेघ एकट्याची आहे. परिक्रमेची रेघ एकट्याची असूच शकत नाही. तिच्यावर सदावर्त असते, ‘नर्मदे हर’ म्हणणारा समोरून येतो, कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढावी लागते. वेगडांची चित्रे माणसांनी गजबजलेली आहेत याचे कारण त्यांच्या वाटेतच आहे.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा आणि तो मी टाळणार नाही. वेगडांच्या पुस्तकांच्या नावांतून ‘सौंदर्य’ आणि ‘सुंदर’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. नर्मदेच्या खोऱ्यात ज्या दशकांत हजारो कुटुंबांच्या विस्थापनाचा प्रश्न पेटला होता, त्याच दशकांत हा माणूस सौंदर्य शोधत हिंडत होता. ही पळवाट नव्हे काय? वेगड आंदोलनाचे लेखक नव्हते, हे खरे. त्यांच्या गद्याचा स्वभाव प्रसन्न, मिस्कील, स्वतःवर हसणारा आहे, संतापाचा नाही. ज्याला खोऱ्याचे राजकारण समजून घ्यायचे आहे त्याने दुसरीकडे जावे. पण त्यांच्या ‘सुंदर’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या चित्रांतून बघितला तर तो धुवांधार धबधब्यापाशी किंवा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यापाशी थांबत नाही. पाणी भरणे, धुणे, नाव वल्हवणे, भाकरी भाजणे, ओझे वाहणे ही कामे तिथे सुंदर आहेत. नदीचे सौंदर्य म्हणजे तिच्या काठी चाललेले जगणे, असे ती चित्रे सांगतात. आणि जगणे हेच सौंदर्य मानले की त्याच्या बुडण्याची नोंद आपोआप त्या चित्रांत होऊन जाते, चित्रकाराने घोषणा केली नाही तरी.

बुडालेली वाट

जबलपूर ते मंडला हा १९७७ चा टप्पा घ्या. त्या काळात जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचे काम चालू होते. १९९० साली धरण पुरे होऊन जलाशय भरला. १६२ गावे त्याने बाधित झाली. वेगडांनी आपल्या पहिल्या फेरीत ज्या काठाने पावले टाकली त्याचा मोठा पल्ला त्या जलाशयाच्या पोटात गेला. पुढे २००४ मध्ये इंदिरासागराच्या पाण्याखाली हरसूद हे गाव गेले. ओंकारेश्वराचे धरण झाले. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि १३८.६८ मीटरपर्यंत पाणी चढवण्याची वाट मोकळी झाली. परिक्रमेच्या कथांतली धास्तीची जागा म्हणजे शूलपाणीची झाडी. तिथे भिल्ल परिक्रमावाशाला लुटून अंगावरच्या वस्त्रापर्यंत सारे काढून घेत आणि मग नर्मदामाईच त्याला सांभाळी, अशी कहाणी पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. ते जुने शूलपाणेश्वराचे मंदिर सरोवरात बुडाले. नवे मंदिर गोरा येथे उभारले गेले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे या धरणाच्या बुडितात आली. मणिबेली त्यांतले पहिले.

वाहत्या नदीचा काठ आणि जलाशयाचा काठ यांत फरक आहे. नदीकाठाला घाट असतो, वाळू असते, टरबुजांच्या वाड्या असतात, पायवाट असते. जलाशयाची कड पाण्याबरोबर वरखाली होते. तिथे चिखल असतो आणि कालपरवापर्यंत शेत असलेली जमीन. तिथे वाट टिकत नाही. परिक्रमावासी आता कित्येक ठिकाणी नदीपासून दूर, डांबरी रस्त्याने जातो. ‘नदी उजव्या हाताला’ हा नियम तो पाळतो खरा, पण हाताला नदी लागत नाही.

म्हणून वेगडांच्या रेखाटनांकडे आज दस्तऐवज म्हणून पाहावे लागते. त्यांनी तशा हेतूने ती काढली नव्हती. पण एखाद्या घाटावर बाया कशा बसत, नाव कशी लागत असे, परिक्रमावाशांच्या गाठोड्याचा आकार कसा होता, हे आता ज्या ठिकाणी पुन्हा पाहता येणार नाही तिथले त्यांच्या कागदावर शिल्लक आहे. सरकारी सर्वेक्षणात घरे, झाडे, विहिरी यांची मोजदाद होते. ओणवे होऊन पाणी भरण्याची ठेवण कुठल्या तक्त्यात बसणार? पायी चालणाऱ्या चित्रकाराचे काम किती निकडीचे असते, हे काठ गेल्यावर कळले.

आपली पुस्तके, आपल्या नद्या

आता मराठीकडे परत येऊ. गोनीदांच्या ‘भ्रमणगाथे’ला मी या चर्चेत वेगळे ठेवतो. स्वतःला ‘कुणा एक’ म्हणून तृतीयपुरुषी उभे करण्याची त्यांची युक्ती साधी दिसते, पण तिने फार मोठे काम केले आहे. लेखक बाजूला सरतो आणि वाटेवरची माणसे पुढे येतात. माणसे हेच त्या पुस्तकाचे बळ. तारुण्यात, हाती काही नसताना केलेल्या भटकंतीची ती गाथा आहे आणि तिच्यातल्या भाषेला काठाच्या मातीचा वास आहे. भारती ठाकूर यांचे उदाहरण आणखी निराळे. परिक्रमेनंतर त्या मंडलेश्वरजवळच्या लेपा गावी राहिल्या आणि काठावरच्या मुलांसाठी शिक्षणाचे काम उभे केले. त्यांच्या पायी चालण्याची खरी रचना कागदाबाहेर, वर्गात झाली असे म्हणता येईल. काठावर पुन्हा परतून जाणे हा गुण त्यांच्यात आणि वेगडांच्यात समान आहे.

या अपवादांच्या मागून आलेल्या बहुसंख्य अनुभवकथनांचा साचा मात्र ठरून गेला आहे. निघण्याआधीचा संभ्रम, संकेत, पहिल्या दिवसाचे हाल, अनोळखी माणसाची अचानक मदत, तिच्यामागची ‘मैया’ची योजना, शेवटी अहंकाराचे गळणे. या अनुभवांच्या खरेपणावर मी शंका घेत नाही. ज्याला जे आले ते त्याचे. पण साहित्य म्हणून विचारायला हवे की या पुस्तकांतून नदीचे नाव बदलले तर काय बिघडेल? बहुतेक ठिकाणी काही बिघडणार नाही, हीच त्यांची उणीव. जी मदत करते ती ‘मैया’. पण जिच्या काठावरचे गाव उठले, जिच्या वाळूचे ढिगारे उपसले जातात, जिचे पाणी थोपले आहे, ती नदी कुठे आहे? देवता मोठी झाली आणि नदी लहान झाली. वेगडही तिला माताच म्हणत. पण आईचा चेहरा कसा होता हे त्यांना काढून दाखवता येत होते.

आणखी एक गोष्ट मला टोचते. परिक्रमेसाठी आपण शेकडो किलोमीटर दूर जातो. वेगड कुठेच गेले नाहीत; ते आपल्या गावाच्या घाटावरून निघाले. त्यांची नर्मदा पुराणातली रेवा असण्याआधी जबलपूरची नदी होती. अशी गावची नदी धरून बसलेले कलावंत महाराष्ट्रातही होऊन गेले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून गावी परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि पंचगंगेचा काठ, रंकाळा, आसपासची झाडी हेच त्यांनी आयुष्यभर रंगवले. १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले. जी चित्रे उरली त्यांतून कोल्हापूरच्या चित्रपरंपरेने पुढे निसर्गचित्रणाचा वारसा घेतला. आबालालांनी परिक्रमा केली नाही. पण रोज त्याच काठावर जाणे हीसुद्धा एक प्रदक्षिणाच, फक्त तिचा परीघ लहान.

आज पंचगंगेच्या, मुळा-मुठेच्या, गोदावरीच्या, उल्हासच्या काठाने दोन दिवस सलग चालायचे ठरवले तर काय दिसेल? कुंपणे, भिंती, सांडपाण्याची तोंडे, भराव घातलेल्या जमिनी, मधूनच एखादे जुने देऊळ आणि त्याच्या पायऱ्या, वाळूत अडकलेली होडी, पुलाखालची वस्ती. नदीकाठ ही सलग पायवाट असते ही कल्पनाच शहरांत मोडलेली आहे. तिथे खंड परिक्रमेखेरीज दुसरी शक्य नाही : इथे दोन किलोमीटर, मग रस्त्याने वळसा, मग पुन्हा काठ. वेगडांची रीत तिथे उपयोगी पडते. तुकडा मिळाला तर तुकडा चालायचा, घरी यायचे, पुन्हा जायचे. सगळे तुकडे सुंदर असणार नाहीत. पण ज्या चित्रकाराने जाहिरातीच्या कागदातून पाणी कापून काढले त्याच्या वाचकाला याचे भय वाटण्याचे कारण नाही.

मराठी नियतकालिकांना आणि प्रकाशकांना यातून एक काम करता येण्यासारखे आहे. परिक्रमेची आणखी दहा पुस्तके येतील तेव्हा लेखकाला एवढेच विचारावे : कुठल्या गावाजवळ काठ कसा होता, काठावर काय पिकत होते, उपनदी कुठे आणि कशी ओलांडली, वाट नदीपासून कुठे तुटली आणि का? मुक्कामाची तारीख मागावी, रेखाटन असेल तर मागावे, नसेल तर हाताने काढलेला वेडावाकडा नकाशा मागावा. अध्यात्माला यातून काही उणेपण येणार नाही. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा नियम घालणाऱ्यांनी रोज तीन किलोमीटरच चालायला सांगितले होते. उरलेला दिवस त्यांनी बघण्यासाठीच मोकळा सोडला होता.